औषध आणि बहुवारिक : एकजीव होण्यामागील रसायन

साखर पाण्यात विरघळते, तेल विरघळत नाही, हे आपण शाळेतच शिकलो. परंतु दोन बहुवारिके, म्हणजेच पॉलिमर, सहसा एकमेकांत का मिसळत नाहीत, हा प्रश्न वैद्यकाच्या अभ्यासक्रमात येत नाही. आपण लिहून देत असलेल्या काही गोळ्यांचा गुण मात्र या प्रश्नाच्या उत्तराशी निगडित आहे. म्हणून स्मरणिकेसाठी मी हा विषय निवडला.

लहान रेणू एकत्र आले की त्यांच्या मांडणीच्या असंख्य शक्यता निर्माण होतात. ही वाढलेली अव्यवस्था, म्हणजे एन्ट्रॉपी, मिसळण्यास प्रेरणा देते. बहुवारिकात हजारो घटक एकाच साखळीत गुंफलेले असल्याने हा लाभ अत्यल्प उरतो. १९४१-४२ च्या सुमारास फ्लोरी आणि हगिन्स यांनी स्वतंत्रपणे हे गणिताने मांडले. निष्कर्ष असा, की भिन्न साखळ्यांत थोडाही दुरावा असला तरी त्या विलग होतात; एकजीव व्हावयाच्या तर परस्पर आकर्षण, उदाहरणार्थ हायड्रोजन बंध, हवे. याची परीक्षाही आहे : काचरूप घन मऊ होऊ लागण्याचे तापमान एकच आढळले तर मिश्रण एकजीव समजावे, दोन आढळली तर घटक विलग.

एचआयव्हीवरील रिटोनाविर हे बोलके उदाहरण. १९९६ साली बाजारात आलेल्या या औषधाच्या कॅप्सूलमध्ये १९९८ साली एक नवे, अधिक स्थिर आणि म्हणूनच कमी विद्राव्य असे स्फटिकरूप अवतरले. कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. नंतर आलेल्या मऊ कॅप्सूलची साठवण शीतकपाटात करावी लागे. २००५ साली अमेरिकेत लोपिनाविर-रिटोनाविरच्या गोळीस मान्यता मिळाली. तीत ही औषधे कोपोव्हिडोन या बहुवारिकासह वितळवून एकजीव केलेली असतात. कोपोव्हिडोनमधील कार्बोनिल गट औषधाच्या रेणूंशी हायड्रोजन बंध जोडू शकतात आणि त्याच्या ताठ साखळ्या त्या रेणूंची हालचाल रोखतात. त्यामुळे स्फटिक बनणे दुर्घट होते. शीतकपाटाची गरज संपली. ज्या घरात ते नव्हते, तेथे या बदलाचे मोल किती, हे सांगावयास नको.

ओलावा हा या जवळिकीचा शत्रू होय. पाण्याचा रेणू स्वतःच हायड्रोजन बंध जोडतो, साखळ्या सैल करतो, आणि स्फटिकीकरणास वाट मिळते. म्हणून मी रुग्णांना आग्रहाने सांगतो, की अशी गोळी मूळ वेष्टनातच ठेवावी, पावसाळ्यात तर विशेषच. तिचा चुराही करू नये. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या बालरुग्णांवरील अभ्यासात, चुरा करून दिलेल्या गोळीने शरीराला मिळणारे लोपिनाविर सुमारे ४५ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. मात्रा कागदावर पुरेशी, रक्तात अपुरी. आणि विषाणूला प्रतिकारक्षम होण्यास तेवढी फट पुरते.

गुण येत नाही तेव्हा आपण रोगाचा आणि रुग्णाचा विचार करतोच. गोळी कोठे ठेवली आणि कशी घेतली, हे दोन प्रश्न त्यात जोडावेत, एवढीच माझी वैद्यकबंधुभगिनींना विनंती.