शरीरांतर्गत चित्रण : कोणती तपासणी कशासाठी?

वसई तालुक्यात अर्नाळ्यासारखी मच्छीमारांची गावे आहेत, तशीच नालासोपारा, विरार यांसारखी झपाट्याने वाढलेली शहरेही आहेत. डॉक्टरांनी 'स्कॅन' लिहून दिला की गावातील शिक्षक किंवा पंचायत सदस्य यांचा सल्ला घेण्याकडे अनेकांचा कल असतो. 'तपासणी जितकी महाग तितकी चांगली' हा समज अशा वेळी कुटुंबाला खर्चात टाकतो. वस्तुतः प्रत्येक तपासणीचे कार्य वेगळे आहे.

क्ष-किरण

जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म राँटजेन यांनी १८९५ मध्ये या किरणांचा शोध लावला. हाडे किरणांना अधिक अडवतात म्हणून ती पांढरी दिसतात. हवेने भरलेली फुप्फुसे काळसर दिसतात. मोडलेले हाड किंवा छातीतील विकार पाहण्यासाठी ही स्वस्त व जलद तपासणी प्रथम केली जाते. तथापि, क्षयरोगाच्या निश्चित निदानासाठी थुंकीची तपासणी आवश्यक ठरते.

सीटी स्कॅन

येथेही क्ष-किरणच वापरतात. मात्र ते शरीराभोवती फिरवून संगणकाच्या साहाय्याने आडव्या छेदांची चित्रे तयार केली जातात. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये पहिल्या रुग्णाची अशी तपासणी झाली. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील अपघातात डोक्याला मार लागल्यास मेंदूतील रक्तस्राव या तपासणीत काही मिनिटांत दिसून येतो. छातीच्या सीटी स्कॅनमधील किरणांची मात्रा साध्या क्ष-किरण चित्राच्या पन्नास पटींहून अधिक असू शकते. म्हणून ती अकारण करू नये. गरज असताना टाळूही नये. गरोदरपणाची शक्यता असल्यास क्ष-किरण व सीटी या दोन्ही तपासण्यांपूर्वी तसे सांगावे.

सोनोग्राफी

कानाला ऐकू न येणारे ध्वनितरंग शरीरात सोडून त्यांच्या प्रतिध्वनीपासून हे चित्र बनते. यात क्ष-किरण नसतात. गर्भाची वाढ, पित्ताशयातील खडे, मूत्रपिंडाचे विकार यांसाठी ती उपयुक्त आहे. हाड व हवा यांच्या पलीकडे मात्र तिची दृष्टी पोहोचत नाही. गर्भलिंगनिदानाच्या दुरुपयोगाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम कायदा केला. १९९४ मध्ये केंद्रीय कायदा झाला. गर्भाचे लिंग सांगणे आणि विचारणे हे दोन्ही गुन्हे आहेत.

एमआरआय

शक्तिशाली चुंबक व रेडिओ लहरी यांच्या योगे मेंदू, मज्जारज्जू, सांधे यांसारख्या मृदू भागांचे सूक्ष्म चित्र मिळते. यातही क्ष-किरण नाहीत. परंतु तपासणीला बराच वेळ लागतो आणि चुंबक सदैव कार्यरत असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात प्राणवायूचे नळकांडे घेऊन या खोलीत शिरलेला रुग्णाचा नातेवाईक यंत्राकडे खेचला गेला आणि मृत्युमुखी पडला. म्हणून मंगळसूत्र, नाणी, किल्ल्या बाहेर ठेवाव्यात. शरीरात पेसमेकर किंवा धातूची पट्टी असल्यास आधीच सांगावे.

कोणती तपासणी करावी, हा निर्णय डॉक्टरांचाच. मात्र ती कशासाठी आहे आणि साध्या तपासणीने भागेल काय, हे विचारण्याचा रुग्णाला अधिकार आहे. जुनी चित्रे व अहवाल जपून ठेवून प्रत्येक भेटीत सोबत नेल्यास तीच तपासणी पुन्हा करण्याचा प्रसंग टळू शकतो. ग्रामसभेत व पालकसभेत एवढी माहिती पोहोचली, तरी अनेक कुटुंबांचा पैसा वाचेल आणि प्रसंगी प्राणही.