दम मोजता येतो

मैदानावर एखादा मुलगा लवकर धापा टाकू लागला, की "याला दमच नाही" असे म्हणून आपण मोकळे होतो. पण दम ही मोजता येणारी राशी आहे. ती कशी मोजतात, हे एका जन्मदोषाच्या उदाहरणावरून पाहू.

सुमारे तीन-चार हजार बाळांत एखादे असे जन्मते, की त्याची अन्ननलिका मध्येच खंडित असते. वरचा भाग बंद पिशवीसारखा संपतो आणि खालचा भाग बहुधा श्वासनलिकेला जोडलेला असतो. गर्भात या दोन्ही नळ्या एकाच नळीपासून वेगळ्या होतात. ती वाटणी अर्धवट राहिली, की हा दोष उद्भवतो. १९४१ साली अमेरिकेत मिशिगन येथे कॅमेरॉन हाइट या शल्यविशारदाने अशा नलिकेची दोन टोके थेट जोडून बाळाला वाचविले. आज सुसज्ज रुग्णालयांत दहांपैकी नऊ बाळे वाचतात, मोठी होतात आणि तुमच्या शेजारच्या बाकावर येऊन बसतात.

अन्ननलिका जोडली, तरी श्वासनलिका पुष्कळदा मऊच राहते. निरोगी श्वासनलिकेला घोड्याच्या नालासारख्या कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो. या मुलांत तो दुबळा असतो. कागदाची नळी पाण्यात भिजवून तिच्यातून जोराने पाणी ओढा. नळी चपटी होते, कारण आतला दाब बाहेरच्या दाबापेक्षा कमी पडतो. जोराने श्वास सोडताना छातीतला दाब श्वासनलिकेतल्या दाबापेक्षा वाढतो आणि मऊ श्वासनलिका अशीच दबते. आता प्वाझेचा नियम आठवा. संथ प्रवाहाला होणारा रोध त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे त्रिज्या निम्मी झाली, तर रोध १६ पट! वेगवान हवेत भोवरे उठतात, तेव्हा तर तो याहूनही वाढतो. बसल्या जागी मिनिटाला पाच-सहा लिटर हवा पुरते, म्हणून काही जाणवत नाही. पळताना मात्र कितीतरी पट हवा लागते.

मोजमापासाठी मुलाला फिरत्या पट्ट्यावर चालवितात. ब्रूस यांच्या पद्धतीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो. पहिला टप्पा ताशी २.७ किलोमीटर व १० टक्के चढ, तर तिसरा ताशी ५.५ किलोमीटर व १४ टक्के चढ असा असतो. मूल २५ किलोग्रॅमचे धरू. तिसऱ्या टप्प्यात त्याचा वेग सेकंदाला १.५३ मीटर, म्हणून चढण्याचा वेग सुमारे ०.२१ मीटर.

शक्ती = २५ × ९.८ × ०.२१ = सुमारे ५२ वॉट.

स्नायूंची कार्यक्षमता २५ टक्के धरली, तर शरीराला सेकंदाला २०८ ज्यूल ऊर्जा हवी. एक लिटर प्राणवायूमागे सुमारे २०,००० ज्यूल मिळतात. तेव्हा केवळ चढण्यासाठी मिनिटाला ०.६ लिटरहून अधिक प्राणवायू लागला. (विश्रांतीचा आणि पाय हलविण्याचा खर्च निराळा.) मूल किती मिनिटे टिकले, हा त्याच्या दमाचा आकडा.

नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे अशा मुलांची शालेय वयात ही चाचणी घेतात. त्यांची सरासरी निरोगी मुलांपेक्षा कमी आढळली. इतरत्र झालेल्या काही पाहण्यांत फरक फारच थोडा होता. सरासरी कमी असली, तरी अनेक मुले सामान्य मर्यादेत बसतात. आणि दम सरावाने वाढतो, हे कोणताही खेळाडू सांगेल. म्हणून डॉक्टरांनी मनाई केली नसताना अशा मुलाला वर्षभर मैदानाच्या कडेला बसविणे मला गैर वाटते. त्याचा उरलासुरला दमही त्याने जातो.

शिक्षकांसाठी दोन गोष्टी. या मुलांचा खोकला भुंकल्यासारखा वाजतो. तो डांग्या खोकला नव्हे, आणि नळीच्या मऊपणामुळे येणारा हा आवाज कुणाला लागतही नाही. दुसरे असे, की जोडलेली अन्ननलिका घास नीट पुढे ढकलत नाही. कोरडी पोळी पाण्याच्या घोटाबरोबर सावकाश खावी लागते, आणि भरल्या पोटी पळाल्यास अन्न घशाशी येते. वेळापत्रक आखताना त्या वर्गाचा खेळाचा तास मधल्या सुट्टीच्या आधी ठेवावा.