वहीत मांडलेलं जंगल

गडचिरोलीचा सत्तर टक्क्यांहून अधिक भूभाग जंगलाखाली आहे. बांबू आहे, तेंदू आहे, मोह आहे, एटापल्लीच्या डोंगरांत लोहखनिज आहे. तरी १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा निघाल्यापासून या जिल्ह्याच्या नावामागचं ‘मागास’ काही सुटलेलं नाही. नायजेरियाचं तेल किंवा काँगोचा कोबाल्ट यांच्याबद्दल बोलताना अर्थतज्ज्ञ ‘संसाधनांचा शाप’ म्हणतात. काहीजण तेच इथेही लावून मोकळे होतात. ग्रामसभांचे अर्ज आणि वह्या लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली. मला शाप कुठे दिसला नाही. माल कुणाच्या नावावर, मोजतो कोण, विकतो कोण आणि वही कुणाच्या घरात, या चार प्रश्नांची उत्तरं गावाबाहेर असली की जंगल श्रीमंत आणि गाव गरीब राहतं. ती उत्तरं गावात आणताना जे शिकले, ते इथे मांडते.

१. सातबारा नसला तरी पुरावा असतो

२००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला आपलं पारंपरिक जंगल राखण्याचा आणि वापरण्याचा सामूहिक हक्क दिला. दावा करायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘आमच्याकडे कागद कुठे आहे?’ कागद असतो. जुनं निस्तारपत्रक काढा. सरपण, गवत, बांबू कुठून आणायचा याची नोंद त्यात सापडते. देवस्थानं, मसणवट, गुरांच्या वाटा, जुने पाणवठे हेही पुरावेच आहेत. गावातल्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाब नियमांनाच मान्य आहे, म्हणून तो आधी घ्या. कागद थांबतो, माणूस थांबत नाही.

२. पट्टा हाती आला की हार नंतर घाला, आधी वाचा

पट्ट्यावर वनखंडाचे कक्ष क्रमांक असतात. दाव्यात मागितलेले सगळे क्रमांक त्यात आहेत का, क्षेत्र तेवढंच आहे का, खाली कायद्यात नसलेल्या अटी टाकल्यात का, हे त्याच दिवशी तपासा. चांगला बांबू असलेला कक्षच नेमका गळालेला मी पाहिला आहे. फोटो निघून गेल्यावर दुरुस्तीला कुणाला वेळ नसतो.

३. विकता न येणारी जमीन कमी दर्जाची नसते

पेरूचे अर्थतज्ज्ञ हर्नांडो डी सोटो यांनी २००० साली मांडलं की गरिबांच्या जमिनीला कायदेशीर कागद मिळाला, तर ती तारण ठेवून भांडवल उभं करता येईल. शहरातल्या झोपडीला ते कदाचित लागू पडत असेल. वनहक्काचा पट्टा वारसाने मिळतो, पण विकता येत नाही. बँकेतला माणूस म्हणतो, मग याचा उपयोग काय? उपयोग हाच की आजारपणाला किंवा लग्नाला पैसा हवा म्हणून जमीन हातची जात नाही. या भागात आदिवासींच्या हातून जमिनी कशा गेल्या हे ज्याने ऐकलं आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कर्जाची सोय दुसऱ्या वाटेने करता येते. गेलेली जमीन परत आणता येत नाही.

४. हक्क आणि वाहतूक पास या दोन वेगळ्या लढाया

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. सामाईक संपत्ती लोक स्वतः नीट सांभाळू शकतात, हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेही त्याच वर्षी. पण बांबू गावाचा झाला तरी तो बाजारात न्यायचा पास वनखात्याकडेच होता. १९२७ च्या वन कायद्याच्या लेखी बांबू तेव्हा झाड होता, तर २००६ च्या कायद्यात तो गौण वनोपज. या ओढाताणीत दोन वर्षं गेली. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत पासपुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. २०१२ च्या नियमदुरुस्तीने पास देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीला मिळाला. माल आपला असणं आणि तो विकता येणं यांत एका शिक्क्याचं अंतर असतं, आणि त्या शिक्क्यासाठी मेंढ्याच्या देवाजी तोफांसारख्या माणसांना मंत्र्यांपर्यंत जावं लागतं.

५. मजुरी म्हणजे किंमत नव्हे

तेंदूचा हंगाम उन्हाळ्यातला. पहाटे पानं तोडायची, दुपारी घरच्या सगळ्यांनी बसून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायची, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, न्यायची. हजार पुडक्यांची एक गोणी. पूर्वी गावाला यात फक्त तोडाईची मजुरी दिसायची. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा आणि वनहक्क कायदा यांमुळे ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्या, तेव्हा मजुरीच्या वर रॉयल्टी नावाची रक्कम असते हे कळलं. एका सभेत मागे बसलेल्या बाईने विचारलं, “पान आमचं, हात आमचे, मग मोजनारा मानूस कोनाचा जी?” त्या वर्षीपासून त्या गावाने फळीवर ठेकेदाराच्या मुन्शीशेजारी आपला माणूस बसवला. ‘खराब’ म्हणून बाजूला टाकल्या जाणाऱ्या पुडक्यांचा ढीग लगेच लहान झाला.

मजुरी हातोहात मिळते, रॉयल्टी उरते. एका गावात ठेकेदार गोण्या उचलून गेला आणि रॉयल्टीचा हप्ता पुढच्या पावसाळ्यापर्यंत आला नाही. म्हणून करारनाम्यात तारखा हव्यात, अनामत हवी, आणि पैसा खात्यात जमा झाल्याशिवाय गोदामातून गोणी हलणार नाही अशी अट हवी. चढा भाव सांगणाऱ्यापेक्षा आधी पैसे भरणारा बरा.

६. एकट्या गावाला भाव मिळत नाही

व्यापारी मोजके, गावं शेकडो. जुलै २०१७ मध्ये तेंदूपानावर अठरा टक्के जीएसटी लागला, तो व्यापाऱ्याने कुणाच्या भावातून वळता करायचा? अर्थात जो एकटा आहे त्याच्या. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली, त्यामागचं व्यवहारी कारण हेच. एकत्र लिलाव केला की शेजारच्या गावाचं नाव सांगून भाव पाडता येत नाही.

७. सभेची वेळ बायकांना विचारून ठरवा

नियम सांगतो की गणपूर्तीला निम्मे सदस्य हवेत आणि उपस्थितांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. सभा पाणी भरण्याच्या वेळेला ठेवली की सह्या भरतात, सभा भरत नाही. पानं तोडणाऱ्यांत बाया बहुसंख्य, पण रक्कम जाते घरच्या पुरुषाच्या खात्यात. ज्या गावांनी ती तोडणाऱ्या बाईच्याच खात्यात टाकली, तिथे पुढच्या सभेला बाया आपणहून आल्या आणि हिशेबावर बोलल्या.

८. पान दरवर्षी येतं, डोंगर एकदाच जातो

एटापल्लीतल्या सुरजागडच्या लोहखाणीबद्दल दोन्ही बाजूंची भाषणं मी ऐकली आहेत. रोजगार मिळाला हे खरं, धूळ आणि ट्रक आले हेही खरं. मला त्यात हिशेबाचा प्रश्न दिसतो. तेंदू आणि बांबू राखून तोडले तर पुन्हा फुटतात. खनिज निघालं की ते खातं कायमचं बंद. म्हणून त्यातून आलेल्या पैशातून टिकणारं काही उभं राहायला हवं. बोट्सवानाने हिऱ्यांच्या कंपनीत सरकारची निम्मी भागी ठेवली आणि त्या पैशातून रस्ते, शाळा उभारल्या. तिथेही बेरोजगारी संपली नाही, पण पैसा कुठे गेला हे विचारता येतं.

आपल्याकडे २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. जुन्या खाणपट्ट्यांकडून रॉयल्टीच्या तीस टक्के आणि लिलावातल्या खाणीकडून दहा टक्के रक्कम त्यात जमा होते, ती बाधित भागावर खर्च करायला. हा पैसा जिल्ह्याच्या पातळीवर ठरतो आणि गावाला त्याचा फलक दिसतो. तेंदूची वही जशी सभेत ओळीओळीने वाचली जाते, तशी ही वहीही बाधित गावांच्या सभेत वाचली जावी, असा ठराव प्रत्येक ग्रामसभेने करावा आणि त्याची पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नये.