नाइटली बिल्ड : रात्री मशीन काम करेल, सकाळी तुम्ही फक्त निकाल बघा



सॉफ्टवेअरचा छोटा व्यवसाय सुरू करताना आपण ॲप कसं बनवायचं, किंमत किती ठेवायची याचा खूप विचार करतो. पण ग्राहकाला द्यायची फाइल तयार कुठे होते? बऱ्याच ठिकाणी उत्तर असतं, "आमच्या एका मुलाच्या लॅपटॉपवर." तो मुलगा गावी गेला की चूक दुरुस्त झालेली असूनही ग्राहकापर्यंत पोचत नाही. तुमचा सगळा धंदा एका लॅपटॉपवर उभा आहे!

कोडपासून चालणारी फाइल तयार करणं म्हणजे बिल्ड. हेच काम रोज रात्री आपोआप झालं की ते नाइटली बिल्ड. समजा, तुमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे. दुकानाच्या काउंटरवर विंडोज, मालकाकडे मॅकबुक आणि सर्व्हरवर लिनक्स. गिटहब ॲक्शन्सवर या तिन्हींची मशीन भाड्याने मिळतात. आता पायऱ्या बघू.

१. दर वेळी कोरं मशीन. तुमच्या लॅपटॉपवर चालतं, कारण तिथे वर्षभरात बरंच काही इन्स्टॉल झालेलं असतं. कोऱ्या मशीनवर काय राहिलंय ते लगेच कळतं. लायब्ररींच्या आवृत्त्या लॉक फाइलमध्ये पक्क्या करा. मशीन निवडतानाही 'लेटेस्ट' न लिहिता ठराविक आवृत्ती लिहा. नाहीतर तुम्ही काहीच न बदलता एक दिवस बिल्ड मोडेल.

२. वेळ नीट लावा. इथे वेळ मुळात यूटीसीप्रमाणे धरली जाते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. बरोबर तासाच्या ठोक्याला गर्दी असते, त्यामुळे काम उशिरा सुरू होऊ शकतं. म्हणून रात्री २:१७ निवडा, म्हणजेच यूटीसी २०:४७.

३. एक पडला तरी बाकीचे चालू द्या. तिन्ही बिल्ड एकत्र लावले, तर एक फेल होताच उरलेले रद्द होतात, ही तिथली मूळ सेटिंग. 'फेल-फास्ट' बंद करा. मग दोष एकाच ठिकाणी आहे की तिन्हीकडे, ते सकाळी समजतं. नेहमीचं उदाहरण : फाइलच्या नावात कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा घोळ. विंडोजला आणि मॅकला सहसा चालतो, लिनक्सला नाही.

४. फाइल तयार झाली म्हणजे ती चालते असं नाही. बिल्डनंतर एक नमुना बिल काढायला लावा. १००० रुपयांवर १८ टक्के जीएसटी, एकूण ११८०. तिन्हीकडे हाच आकडा आला तरच हिरवा दिवा.

५. नाव आणि जपणूक. फाइलच्या नावात तारीख आणि कमिटचा क्रमांक टाका. नवीन आवृत्तीने गोंधळ केला, तर कालची फाइल दोन मिनिटांत हातात हवी. साइनिंगचे पासवर्ड कोडमध्ये लिहू नका, 'सीक्रेट्स'मध्ये ठेवा.

६. खर्चाला लगाम. प्रायव्हेट रिपॉझिटरीला दरमहा ठराविक मिनिटं फुकट मिळतात, आणि मॅकचं मिनिट लिनक्सपेक्षा कितीतरी पट महाग पडतं. अडकलेलं काम मूळ सेटिंगप्रमाणे ६ तास चालू राहू शकतं. म्हणून ३० मिनिटांची मर्यादा घाला. दिवसभरात कोड बदललाच नसेल तर बिल्ड करू नका, फक्त "बदल नाही" एवढा निरोप पाठवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बरेच जण फक्त फेल झाल्यावर मेल येईल अशी सोय करतात आणि मेल नाही म्हणजे सगळं ठीक असं धरून चालतात. पण बिल्ड सुरूच झालं नसेल तर? पब्लिक रिपॉझिटरीत ६० दिवस काहीच हालचाल नसेल, तर वेळापत्रक आपोआप बंद होतं. म्हणून यशाचाही निरोप रोज यायला हवा. दुकानाचं शटर रोज उघडलेलं दिसतं तसं. सकाळी १० पर्यंत निरोप नाही आला, तर कोणी बघायचं त्या एका माणसाचं नाव ठरवून ठेवा. आणि लाल दिवा असेल तर नवीन काम नंतर, आधी तो हिरवा करायचा. लाल दिव्याची सवय लागली की नाइटली बिल्डचा उपयोग संपला.

आजचा गृहपाठ : तिन्ही एकदम नको. तुमचे सर्वात जास्त ग्राहक ज्या प्लॅटफॉर्मवर आहेत, तेवढंच आज रात्री लावा. सात दिवस सलग निरोप आला की दुसरं जोडा. कुठे अडलात तर कमेंटमध्ये नक्की विचारा. भेटू पुढच्या व्हिडिओत!