कानावर नीट बसेल तोच हेडसेट

विमान शिकायला आलेले नवे विद्यार्थी हेडसेट घ्यायला निघाले की मला बहुतेक एकच विचारतात, "मॅडम, हा किती डेसिबल आवाज कमी करतो?" मी त्यांना उलट विचारते, दोन तास डोक्यावर ठेवून पाहिलास का? दुखणारा हेडसेट माणूस नकळत सैल करतो, वर सरकवतो, एक कान जरासा मोकळा ठेवतो. त्या क्षणी खोक्यावर छापलेल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. म्हणून हेडसेटचा आराम मी चैनीत धरत नाही. तो नसेल तर आवाजापासून बचावही नाही.

आमचं शिकण्याचं विमान म्हणजे बहुधा सेसना 172 किंवा 152. इंजिन मिनिटाला 2,400 फेऱ्या घेत असताना दोन पात्यांचा पंखा सेकंदाला 80 वेळा हवा कापतो, आणि चार सिलिंडरांमधले स्फोटही सेकंदाला तेवढेच होतात. हा 80 हर्ट्झचा खर्जातला घुमारा सगळ्या गोंगाटाच्या तळाशी असतो. त्यावर वारा, खिडक्यांची थरथर आणि रेडिओची खरखर. एकूण आवाज 90 डेसिबलच्या वर सहज जातो. कामाच्या जागच्या आरोग्यावर काम करणाऱ्या नायॉश या अमेरिकी संस्थेच्या शिफारशीप्रमाणे 85 डेसिबल आवाजात आठ तास चालतात. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, म्हणजे 94 डेसिबलला जेमतेम एक तास. आणि कमर्शियल लायसन्ससाठी आपल्याकडे अशा गोंगाटात 200 तासांचं उड्डाण लागतं.

शिकत असताना मी आमच्या प्रशिक्षण संस्थेचे, सगळ्यांच्या डोक्यावरून फिरलेले हेडसेट वापरत असे. कानाभोवतीच्या गाद्या कडक झालेल्या आणि पट्टा चिमट्यासारखा आवळणारा. मला चष्मा आहे. डाव्या कानामागे चष्म्याची काडी इतकी रुतायची की अर्ध्या तासात डावा कप आपोआप थोडा वर सरकवला जायचा. संध्याकाळी खोलीवर आल्यावर कान बधिर वाटत, बारीक शिटी वाजत राही. सकाळपर्यंत ते जाई, म्हणून ते कुणीच मनावर घेत नसे. पुढे मेडिकलच्या वेळी डाव्या कानाचा आलेख 4,000 हर्ट्झला खाली बसलेला निघाला. गोंगाटाने होणारं नुकसान बहुधा तिथूनच सुरू होतं, कारण आतल्या कानातल्या त्या भागातल्या सूक्ष्म केसपेशी आधी मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. मी मेडिकलला पास झाले. आंतरराष्ट्रीय निकष पाहतात 500, 1,000, 2,000 आणि 3,000 हर्ट्झला काय ऐकू येतं ते, 4,000 त्यात येत नाही. "फिट" हा शेरा मिळाला तरी कान शाबूत असतीलच असं नाही. पहिल्या चाचणीच्या आलेखाची प्रत मागून घ्या आणि दर वेळी 4,000 चा आकडा तिच्याशी ताडून पाहा.

हेडसेट दोन तऱ्हांचे. साधा हेडसेट घट्ट कप आणि गाद्यांनी आवाज अडवतो. हिरव्या कपांचा डेव्हिड क्लार्क जगभरच्या फ्लाइंग क्लबांत दिसतो तो या जातीचा. वाऱ्याचे, खरखरीचे उंच स्वर त्याने छान अडतात, पण खर्जातला घुमारा कपातून आत शिरतोच. दुसऱ्या तऱ्हेत कपाच्या आत एक छोटा माइक असतो. तो आत आलेला घुमारा ऐकतो आणि त्याच्या नेमकी उलट लहर स्पीकरमधून सोडली जाते. ही कल्पना अमर बोस यांना 1978 मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना सुचली आणि 1989 मध्ये त्यांच्या कंपनीचा पहिला विमानी हेडसेट बाजारात आला. त्याआधी 1986 मध्ये डिक रुटन आणि जीना येगर न थांबता, इंधन न भरता नऊ दिवस पृथ्वीभोवती उडाले, तेव्हा त्यांच्याजवळ याच हेडसेटचे नमुने होते. नऊ दिवस त्या आवाजात राहून कान कायमचे जातील, ही धास्ती खरी होती.

पण गादी आणि गाल यांच्यात फट राहिली तर दोन्ही तऱ्हा हरतात, आणि खर्जाचे सूर फटीतून सगळ्यात आधी आत येतात. म्हणून दुकानात किंवा मित्राकडे हेडसेट घालून पाहायला जाल तेव्हा रोजचाच चष्मा घालून जा. जाड काडी असेल तर पातळ, सपाट काडीची फ्रेम आधी करून घ्या. मुलींनी केस उड्डाणात बांधता तसेच बांधून जावं. उंच अंबाडा पट्ट्याला जागेवरून सरकवतो, आणि कानातल्या कुड्या गादीखाली आल्या की वीस मिनिटांत कानाची पाळी ठणकते. मी उड्डाणाआधी कानातलं काढूनच ठेवते. टाळूवर एकाच जागी भार येतो का, जबड्याचा सांधा दाबला जातो का, हे पाच मिनिटांत कळत नाही. घालून बसा, बोला, पाणी प्या, मान दोन्हीकडे पूर्ण वळवा. खानदेश-विदर्भाच्या मे महिन्यात गाद्या घामाने घसरतात, तेव्हा वरून कापडी खोळ घालता येते का, हेही विचारून ठेवा.

माइक ओठांच्या कोपऱ्याला जवळजवळ टेकलेला हवा. तो दूर राहिला की टॉवरला तुमच्या आवाजाऐवजी इंजिन ऐकू जातं. एकाच कानात ऐकू आलं तर हेडसेट बिघडला असं समजण्याआधी स्टिरिओ-मोनोचं बटण पाहा. बॅटरी संपली की साधा हेडसेट उरतो, म्हणून दोन जादा सेल बॅगेत असू द्या. पुढे एअरबसवर जायचं मनात असेल तर प्लग वेगळा लागतो. वायर बदलता येणारं मॉडेल तेव्हा कामी येतं.

आवाज कापणारा हेडसेट नवा घातला की विमान एकदम लांब गेल्यासारखं वाटतं. त्या शांततेची सवय जमिनीवर करा. सेसना 172 च्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला स्टॉलचा इशारा देणाऱ्या भोंग्याचं भोक असतं. सोबत्याला त्यावर स्वच्छ रुमाल धरून हवा ओढायला सांगा आणि तुम्ही हेडसेट लावून आत बसा. तो भोंगा तुम्हाला स्पष्ट ऐकू आला पाहिजे.

चांगल्या हेडसेटची किंमत अमेरिकेतच हजार डॉलरच्या वर आहे. शिक्षणासाठी कर्ज काढलेल्या घराला ती जड जाते, हे मी रोज पाहते. ब्लूटूथसाठी एक रुपयाही जास्त घालू नका. जुना साधा हेडसेट घेतलात तर गाद्या मात्र नव्या टाका. त्या सुट्या मिळतात. तेही जमत नसेल आणि संस्थेचाच हेडसेट वापरावा लागत असेल, तर औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे आधी नीट कानात बसवा, वर हेडसेट चढवा आणि इंटरकॉमचा आवाज वाढवा. पहिल्या उड्डाणाला विचित्र वाटेल, पण टॉवरचं बोलणं नीट कळतं.