पी-लहर मोजून घ्या, गोळी मागू नका

गणपतीत घाटकोपर-मुलुंडच्या मंडळांच्या आरोग्य शिबिरात ईसीजी फुकट निघतो, वर ‘नॉर्मल सायनस ऱ्हिदम’ छापलेलं असतं आणि पट्टी फाइलीत जाते. साठी ओलांडलेल्यांनी, विशेषतः बीपीवाल्यांनी, त्या ओळीवर निर्धास्त राहू नये असं मला वाटतं. ती ओळ लय सांगते, लहरीची रुंदी सांगतेच असं नाही. हृदयाचा ठोका उजव्या वरच्या कप्प्यात उमटतो आणि जॉर्ज बाखमान यांनी 1916 साली वर्णन केलेल्या स्नायूंच्या जुडग्यातून डाव्या कप्प्यात पोचतो. या प्रवासाची नोंद म्हणजे पी-लहर. नेहमीच्या वेगाच्या पट्टीवर ती तीन बारीक चौकोनांच्या, म्हणजे 120 मिलिसेकंदांच्या आत हवी. तेवढी किंवा त्याहून रुंद असेल, तर दोन कप्प्यांमध्ये विलंब होतोय. शिवाय दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये ती आधी वर, मग खाली जात असेल, तर नेहमीची वाट बंद होऊन विद्युतसंदेश डाव्या कप्प्यात खालून शिरतोय. (मांडवात लाउडस्पीकर चालू असताना हे कोण मोजणार, तेही खरंच.) अशा रुग्णांत वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याचं प्रमाण जास्त असतं, हे बार्सिलोनाच्या अँतोनी बायेस दे लुना यांनी 1980 च्या दशकात दाखवलं. पुढे पक्षाघाताशीही संबंध दिसला.

हा वयाचाच भाग, उगाच घाबरवता कशाला, असं कुणी म्हणेल. वयाचा भाग आहेच. पण वाढलेला रक्तदाब, लठ्ठपणा, झोपेत श्वास अडकणं यांनीही कप्प्याची भिंत ताणली जाते, आणि त्यांवर उपाय आहेत. दुसऱ्या टोकाचे लोक लगेच रक्त पातळ करणारी गोळी मागतात. पण कारण न सापडलेल्या पक्षाघाताच्या, डाव्या कप्प्याच्या आजाराच्या खुणा असलेल्या 1015 रुग्णांवर ‘अर्केडिया’ चाचणी झाली. 2024 च्या निष्कर्षांत अपिक्साबॅन हे रक्त पातळ करणारं औषध अ‍ॅस्पिरिनपेक्षा सरस ठरलं नाही. त्या खुणांमध्ये नेमका दोन कप्प्यांमधला हा अडथळा नव्हता, हे मान्य. तरी रक्तस्रावाचा धोका नक्की आणि फायदा अनिश्चित असताना केवळ रुंद लहरीपायी गोळी सुरू करणं मला पटत नाही. फिजिशियनला रुंदी मोजायला सांगावी, टूडी इको करावा की होल्टर लावावा ते विचारावं, नाडी अनियमित लागली तर त्याच दिवशी ईसीजी काढावा. वरच्या कप्प्यांचं फिब्रिलेशन, म्हणजे अनियमित थरथर, नोंदलं गेलं, तर गोळीचा हिशोब वेगळा. आणि थर्मल कागदावरची रेघ काही वर्षांत पुसट होते, म्हणून पट्टीची झेरॉक्स तारीख घालून ठेवावी. पुढच्या वेळी डॉक्टरांना तुलनेला तीच लागते.