ब्रेकर चालविताना घ्यावयाची काळजी

एप्रिल-मे आला की पेडणे आणि डिचोलीकडील वाड्यांतून ब्रेकरचा आवाज कानी पडू लागतो. कोणाला गोठ्याची जुनी काँक्रीटची जमीन फोडावयाची असते, कोणाला चिऱ्याच्या भिंतीतून नवे दार काढावयाचे असते, तर कोणाला आटलेली विहीर दोन हात खोल न्यावयाची असते. पूर्वी ही कामे कुदळ आणि पहार यांनी होत. आता यंत्र भाड्याने मिळते. त्याची माहिती मात्र बरोबर मिळत नाही. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

प्रथम विहिरीचे पाहू. विजेचा ब्रेकर घेऊन ओल्या विहिरीत कधीही उतरू नये. या यंत्रांना बहुधा दुहेरी इन्सुलेशन असते, त्यामुळे पुष्कळांच्या प्लगला अर्थिंगची पिन नसते. कोरड्या जागी तेवढे संरक्षण चालते. पण आत पाणी शिरले किंवा वायरीचे आवरण कापले गेले, तर ओल्या पायांनी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातून वीज जमिनीत जाते. "एम.सी.बी. बसविला आहे ना!" असे लोक म्हणतात. एम.सी.बी. जादा भारापासून वायरीचे रक्षण करतो. माणसाला विजेच्या धक्क्यापासून वाचविण्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. लागतो. वायरमनकडून तो बसवून घ्यावा आणि त्यावरील 'टेस्ट' बटण काम सुरू करण्यापूर्वी दाबून पाहावे. विहिरीसाठी हवेवर चालणारा ब्रेकर मागवावा. त्याचा कॉम्प्रेसर वरच, धूर विहिरीत जाणार नाही इतका दूर ठेवावा. डिझेलचा पंप तर विहिरीत उतरवूच नये. त्याच्या धुरातील विषारी वायूला वास नसतो.

कोणाला धक्का बसलाच, तर त्याला हात लावू नये. आधी मेन स्विच बंद करावा, मग १०८ क्रमांकाला फोन करावा. श्वास थांबला असेल तर गाडी येईपर्यंत छाती दाबत राहावे.

आता चालविण्याविषयी. यंत्राच्या आतील दट्ट्या हवेच्या दाबाने छिन्नीवर ठोके मारतो. म्हणून वरून अंगाचा भार देण्यात काही फायदा नाही. काम लवकर होत नाही आणि हादरे मात्र थेट हातात येतात. बोटांना मुंग्या येऊ लागल्या की थांबावे. पंधरा-वीस मिनिटांनी गडी बदलावा. छिन्नी अडकल्यास यंत्राचाच तरफेसारखा उपयोग करू नये. चिऱ्याची जुनी भिंत मातीत बांधलेली असेल तर आधी वर टेकू द्यावा, आणि भिंतीत वायर किंवा नळ कोठून गेला आहे ते विचारून घ्यावे.

धुळीची भीती मात्र कोणालाच वाटत नाही. काँक्रीट आणि दगड यांच्या धुळीत सिलिका असते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसात रुततात आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही, आणि क्षयाचा धोकाही वाढतो. डिचोलीच्या खाण भागातील लोकांना धूळ म्हणजे काय ते वेगळे सांगावयास नको. तोंडावर बांधलेल्या पंचातून हे कण आरपार जातात. एन-९५ मास्क घालावा. फोडावयाची जागा आधी झारीने भिजवून पाणी जिरू द्यावे, यंत्रावर मात्र पाणी उडवू नये. कानांत बोळे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

देखभाल थोडीच आहे, पण प्लग काढूनच करावी. छिन्नीच्या दांड्याला ग्रीस लावावे, हवेची छिद्रे ब्रशाने साफ करावीत. मुठीजवळ वायर आतून तुटते. तेथे पट्टी गुंडाळून वेळ मारून न नेता ती बदलावी. मोटरीत जास्त ठिणग्या दिसल्यास कार्बन झिजले असे समजावे. छिन्नीला धार लावताना ती निळी पडू देऊ नये, पाणी उतरते. एक्स्टेन्शनची वायर रिळावरून पूर्ण उलगडावी, नाहीतर गुंडाळीतच तापून वितळते. काम आटोपल्यावर धुळीचे कपडे घरात नेण्यापूर्वी बाहेरच भिजत घालावेत. लहान मुले असतील तेथे तर अवश्य.